ताशी सतराशे

वसूलकर हे त्यांचं आडनाव नाही. ते मी ठेवलेलं आहे, आणि आमच्या नात्यात ते आता इतकं रुळलंय की एका लग्नपत्रिकेच्या पाकिटावर चुकून तेच पडलं होतं. ते माझे साडू. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे ताईंचे यजमान. पण साडू नसते तरी मी त्यांना ओळखलं असतं. प्रत्येक सहलीत एक वसूलकर असतोच. बुफेमध्ये आधी फक्त पनीर घेतो तो, हॉटेल सोडताना साबणाच्या वड्या मोजतो तो. परदेशात मात्र त्यांच्या गुणांना खरा बहर येतो, आणि तो पाहायचा तर रात्रभराच्या विमानप्रवासानंतरचा पहिला दिवस पाहावा.

आम्ही चौघं जूनमध्ये लंडनला गेलो, तेव्हा निघायच्या महिनाभर आधीच वसूलकरांचा एक्सेलचा तक्ता तयार होता. एकूण खर्च भागिले जागेपणाचे तास. उत्तर आलं माणशी ताशी सतराशे रुपये. "आता बोला," ते म्हणाले, "तिथे दुपारी दोन तास लवंडलात की चौतीसशे रुपये गेले. चौतीसशे रुपयांची झोप! संस्थानिकसुद्धा घेत नसतील."

विमान मध्यरात्रीनंतर दोनचं. त्यामागेही हिशेब: रात्र विमानात गेली की हॉटेलची एक रात्र वाचते. ती रात्र माणसाच्या अंगातून वसूल होते, हा खर्च तक्त्यात कुठल्या रकान्यात टाकायचा ते एक्सेलला समजत नाही. बरं, विमानात तरी झोपावं? तर समोरच्या पडद्यावर शंभर सिनेमे, आणि सगळे तिकिटातच धरलेले. वसूलकरांनी चार सिनेमे प्रत्येकी अर्धा पाहिले. पहाटे साडेतीनला जेवणाची ढकलगाडी आली तेव्हा मी डोळे मिटून पडलो होतो, तर त्यांनी मला गदागदा हलवलं. "अहो उठा, जेवण आलंय! पैसे दिलेत आपण." माझं नको असलेलं जेवणही त्यांनी घेतलं. त्यातल्या लोण्याच्या वडीचं काय करावं ते त्यांना सुचेना, तेव्हा त्यांनी ती नुसतीच खाल्ली.

जेटलॅगवर त्यांचा विश्वास नाही. "सगळं मनाचं असतं हो. ज्यांना रजा उरलेल्या असतात त्यांना होतो तो." मी त्यांना सांगून पाहिलं की शरीरात घड्याळ असतं, ते कसं चालतं याच्या शोधाला 2017 साली नोबेल मिळालंय, ते संशोधन फळांवर बसणाऱ्या चिलटांवर झालं, आणि घड्याळ नव्या गावाला जुळायला साधारण एका तासाच्या फरकाला एक दिवस लागतो. उन्हाळ्यात लंडन आपल्यामागे साडेचार तास, म्हणजे चार-पाच दिवस आलेच. वसूलकरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चिलटांना होत असेल."

सकाळी साडेसातला हीथ्रो. भारतीय पासपोर्टवाल्यांच्या रांगेत तासभर. खिडकीतल्या बाईंनी फक्त "किती दिवस?" असं विचारलं, त्यावर वसूलकरांनी काचेखालून जाडजूड फाइल सरकवली. तीत पेन्शनचे कागद होते, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट होतं, आणि माझा समज खोटा नसेल तर विजेचं बिलही होतं. बाईंनी ती न उघडता परत सरकवली. वसूलकरांना ते लागलं. इतकी तयारी करून पेपर सोपा यावा, तसं.

हॉटेल अर्ल्स कोर्टला. हीथ्रोहून पिकॅडिली लाइनची भुयारी गाडी सरळ तिथे येते, म्हणून निवडलेलं. वसूलकरांनी घेतलेला तो सर्वांत शहाणा निर्णय होता, आणि त्यानेच पुढे आमचा घात केला. साडेनऊला काउंटरवर पोचलो. तिथली मुलगी फार गोड बोलली. खोली तीन वाजता मिळेल, बॅगा ठेवून जा, आणि आत्ताच हवी असेल तर चाळीस पाउंड जास्त.

वसूलकरांचे ओठ हलू लागले. पाउंडाला शंभराने गुणून वर थोडं घालायचं, एवढा गुणाकार ते दिवसातून पन्नास वेळा करायचे. पुढे पुढे तर चहाच्या कपाकडे बघूनही ओठ हलत. "झोपण्यासाठी चार हजार रुपये? आणि ती झोप पुन्हा ताशी सतराशेची? नको. तीनपर्यंत आपण निम्मं लंडन उरकू."

'उरकू' हा त्यांचाच शब्द. श्राद्ध उरकतात, धुणं उरकतात, तसं लंडन.

इथे ताईंबद्दल सांगायला हवं, कारण त्या दिवशी आमच्यात प्रवास कळणारं माणूस एकच होतं. ताई शिक्षिका होत्या. बदलीच्या काळात वर्षानुवर्षं त्यांनी एसटीची रातराणी केली आहे, आणि रातराणीने एक शिकवलंय: उतरल्यावर आधी तोंड धुवायचं, मग चहा, मग जग. त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीत एक छोटी थैली होती. तीत ब्रश, कंगवा, एक कुडता, मोज्यांचा जोड. लॉबीतल्या बाथरूममध्ये त्या दहा मिनिटं गेल्या आणि बाहेर आल्या त्या जणू नुकत्याच तुळशीला पाणी घालून आल्या आहेत. आमचे ब्रश मोठ्या बॅगेत, लाडवांच्या डब्याखाली, आणि ती बॅग केव्हाच मागच्या खोलीत कुलूपबंद. मी बोटाने दात घासले. वसूलकरांनी पेपरमिंट खाल्ली. विमानात मिळालेली, अर्थात.

ताईंनी तक्ता हातात घेतला आणि एक ओळ पेनाने खोडली. दुपारी अडीचला '10, किंग हेन्रीज रोड' लिहिलं होतं. 1921-22 मध्ये बाबासाहेब आंबेडकर राहिले ते घर. 2015 साली महाराष्ट्र सरकारने विकत घेतलेलं. वसूलकरांनी त्याला पाऊण तास दिला होता. "त्या घरात जांभया देत जायचं नाही," ताई म्हणाल्या. "तिथे परवा जाऊ. झोप झाल्यावर." वसूलकर काही बोलले नाहीत. काही गोष्टींत ते ऐकतात.

मात्र उघड्या टपाच्या बसचं तिकीट घरूनच काढलेलं होतं, परतावा नाही. अकराला ट्रफाल्गर स्क्वेअरला चढलो, वरच्या मजल्यावर. रात्रभराच्या प्रवासानंतर माणसाला बसमध्ये बसवू नये असं माझं आता पक्कं मत आहे. चालत असलात तर पाय तुम्हाला जागं ठेवतात. ऊन अंगावर घेत चाललात तर ते डोळ्यांवाटे आतल्या घड्याळालाही वेळ सांगतं. पण बसलात, वर कोवळं ऊन, खाली इंजिनाची घुरघुर, कानावर माईकवरून येणारा एकसुरी इंग्रजी आवाज, म्हणजे अंगाईची सगळी सामग्री झाली. मागे वळून पाहिलं तर सगळी बस झोपलेली. एक जपानी जोडपं एकमेकांच्या डोक्याला डोकं लावून, एक अमेरिकन कुटुंब पत्त्यांच्या बंगल्यासारखं एका बाजूला कललेलं. सारे आपापल्या देशातले वसूलकर असावेत.

आमचे वसूलकर मोबाइलवर शूटिंग करत होते. बस पार्लमेंटपाशी सिग्नलला अडकली तसे ते मला म्हणाले, "लोक या घड्याळाला बिग बेन म्हणतात. चूक. बिग बेन आतल्या घंटेचं नाव. मनोऱ्याचं नाव 2012 पासून एलिझाबेथ टॉवर. घंटेचं वजन तेरा पूर्णांक..." आणि दशांश चिन्हावर त्यांची मान पडली. त्याच क्षणी बाराचे ठोके सुरू झाले. वजन 13.7 टन आहे. मी नंतर पाहिलं. पावणेचौदा टनांची घंटा डोक्यावर बारा वेळा वाजली आणि वसूलकरांच्या पापणीचा केसही हलला नाही. घोरणं फक्त ठोक्यांच्या तालावर आलं.

मी ताईंकडे पाहिलं. "झोपू देत," त्या म्हणाल्या. "वीस मिनिटांनी उठवते. जास्त झोपले तर रात्री आपल्याला झोपू देणार नाहीत."

ब्रिटिश म्युझियम टाळता आलं असतं, पण तिथे प्रवेश फुकट. 1759 साली दारं उघडली तेव्हाही फुकटच होता, आणि फुकट गोष्ट न पाहणं हे वसूलकरांच्या मते पैसे हरवण्याहून वाईट. आत सुमारे ऐंशी लाख वस्तू आहेत, मांडलेल्या त्यातल्या शेकड्याला एक. तक्त्यात सव्वा तास होता. ताई म्हणाल्या, "तुम्ही उरका. मी बाहेर बसते," आणि माझ्या बायकोला घेऊन जवळच्या रसेल स्क्वेअरच्या बागेत गेल्या. चपला काढल्या, पाय गवतात टेकवले, उन्हाकडे तोंड केलं आणि तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा उघडला. मलाही तिथेच जायचं होतं. साडूधर्म आडवा आला.

वसूलकर रोझेटा शिळेसमोर उभे राहिले आणि तिच्यावरच्या तीनही लिप्या त्यांना सारख्याच दिसल्या. वरच्या मजल्यावर काचेच्या पेटीत इजिप्तच्या वाळूत सापडलेला एक माणूस आहे. पाच हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचा, मलम नाही, पट्ट्या नाहीत, नुसत्या कोरड्या वाळूने टिकलेला. गुडघे पोटाशी घेऊन, हात तोंडाजवळ, मुटकुळं करून कुशीवर. वसूलकर तिथे फार वेळ थांबले. इतर मूर्तींना त्यांनी प्रत्येकी चार सेकंद दिले होते. याच्याकडे ते खिडकीबाहेरून मिठाई पाहावी तसे पाहत होते.

"याला खोली मिळाली," अखेर ते म्हणाले.

तीनला रसेल स्क्वेअर स्टेशन. लिफ्टने खाली. तिथून अर्ल्स कोर्ट दहावं स्टेशन, गाडी न बदलता. डब्यात चौघांना जागा मिळाली, आणि गाडी हलताच माझ्या बायकोची मान माझ्या खांद्यावर आली. ताईंनीही पहिल्यांदाच जांभई दिली. वसूलकर ताठ बसले. "झोपा सगळे. मी आहे. मला काही होत नाही."

हे वाक्य मी ऐकलं ते शेवटचं.

मला जाग आली ती शांततेने. गाडी थांबलेली, दारं उघडी, डबा रिकामा, आणि एक गणवेशातला माणूस वसूलकरांच्या खांद्याला अदबीने टिचक्या मारत होता. समोर फलाटावर पाटी: हीथ्रो, टर्मिनल पाच. सकाळी ज्या विमानतळावर उतरलो, दुपारी चारला तिथेच परत हजर. आजूबाजूला लोक ट्रॉल्या ढकलत सुट्टी संपवून घरी निघाले होते.

माझी बायको अर्धवट झोपेत म्हणाली, "भाऊजी, पोचलो का मुंबईला?"

वसूलकरांनी पाटी वाचली, घड्याळ पाहिलं. ते अजून भारतीय वेळेवरच होतं. गोळ्या घ्यायच्या असतात म्हणून बदललं नव्हतं. साडेआठ. पुण्यात ही त्यांची जेवायची वेळ. त्यांचं सगळं शरीर तेव्हा कोथरूडमध्ये ताटावर बसलेलं होतं. लंडनला आला होता तो फक्त तक्ता. ताई काही बोलल्या नाहीत. त्यांनी डब्यातली उरलेली पुरी काढून नवऱ्याच्या हातावर ठेवली, आणि ती त्यांनी खाल्ली, फलाटावर उभ्या उभ्या.

अर्ल्स कोर्टला पुन्हा पोचेपर्यंत पाच वाजले. खोली होती, गादी होती. बाहेर लख्ख ऊन. तिथे जूनमध्ये सूर्य रात्री नऊ वाजून गेल्यावर मावळतो. ताईंनी माझ्या बायकोला सातपर्यंत गल्ल्यांतून चालवलं, सूप पाजलं आणि नऊला झोपवलं. आम्ही दोघे साडू साडेपाचलाच आडवे झालो, बुटांसकट.

पहाटे तीनला डोळे टक्क उघडले. पुण्यात साडेसात, दूधवाल्याची वेळ. अर्धा तास कूस बदलून शेवटी दार उघडलं, तर कॉरिडॉरमध्ये, गालिच्यावर, भिंतीला पाठ लावून लेंगा-बनियनमध्ये वसूलकर. मांडीवर मोबाइल. मला पाहून बाजूला सरकले.

"झोप नाही?" मी विचारलं.

"जेटलॅग नाही हां हा," ते घाईने म्हणाले. "झोप पूर्ण झाली. उलट बघा, चार तास जादा मिळाले. हे तक्त्यात धरलेलेच नव्हते." ओठ हलले. "अडुसष्टशे." मग आवाज खाली आणून म्हणाले, "म्हटलं, काल काय काय पाहिलं ते तरी बघून घ्यावं."

आम्ही दोघांनी ते बघितलं. एक तास दहा मिनिटं. पहिल्या पाच मिनिटांत नेल्सनचा खांब होता, थोडा वाकडा. त्यापुढे पार्लमेंट, टेम्स, पूल, सगळ्या लंडनभर वसूलकरांचा उजवा गुडघा. गुडघ्यावर ऊन पडत होतं, सावली पडत होती. कुणीतरी इंग्रजीत इतिहास सांगत होतं. मग ठोके सुरू झाले, आणि प्रत्येक दोन ठोक्यांच्या मध्ये, अगदी मोकळ्या जागेत बसवल्यासारखं, एक घोरणं.

वसूलकरांनी बारापर्यंत मोजलं. मग ते थोडं मागे नेऊन पुन्हा लावलं आणि कान जवळ नेला.

"आवाज छान आलाय," ते म्हणाले.