दाताने आडवे पाडावे कसे?

आयुष्मान भारत योजनेत गरीब कुटुंबाला वर्षाला 5 लाखांचे कवच आहे. अट एवढीच, की आजाराने माणसाला इस्पितळाच्या खाटेवर आडवे पाडावे. किडलेल्या दाढेला ते जमत नाही. ती बिचाऱ्याला रात्रभर गाल धरून येरझाऱ्या घालायला लावते, आणि सकाळी तो ठरतो बाह्यरुग्ण! खाजगी विमाही बहुधा अपघातात दात पडले तरच हात सैल सोडतो. तेव्हा कीड लागण्यापेक्षा मोटारसायकलवरून पडलेले बरे.

यावर उत्तर तयार असते: मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरला सरकारी दंत महाविद्यालये आहेत की! आहेत, आणि काम स्वस्तात होते. पण रूट कॅनालला अनेकदा दोन-तीन खेपा, वर कॅपच्या मापाची वेगळी. गडचिरोलीच्या मजुराने दर खेपेला रोज बुडवून एसटीचे तिकीट काढायचे. दाढ उपटणे मात्र एका बैठकीत उरकते, म्हणून वाचू शकणारी दाढही तो उपटून टाकतो. आता कोणी म्हणेल, मिश्री लावतात, तंबाखू चघळतात, मग भोगा. पण त्याच तंबाखूने त्याच तोंडात कॅन्सर झाला, तर हीच योजना शस्त्रक्रियेचा खर्च उचलते आणि सवयींची चौकशीही करत नाही. उपदेश फक्त दातांच्या वाट्याला.