गच्चीवरचं मुरानो

मी दागिने करतो, म्हणजे दुसऱ्यांनी केलेले मणी दुसऱ्यांनीच केलेल्या तारेत ओवतो. मंगळसूत्र गाठवण्यात माझा हात बरा आहे, असं लोक म्हणतात. लोक म्हणजे माझी मावशी. पण एका गिऱ्हाईक बाईंनी विचारलं, ‘मणीसुद्धा तुम्हीच करता का हो?’ आणि मी ‘म्हणजे काय!’ असं बोलून गेलो.

मग काय, काचेच्या रंगीत कांड्या, त्या वितळवायला गॅसचा टॉर्च, पोलादी सळ्या मागवून सगळा पसारा स्वयंपाकघराच्या ओट्यावर मांडला. व्हेनिसच्या राज्यकर्त्यांनी १२९१ साली आगीच्या भीतीने शहरातल्या काचभट्ट्या मुरानो बेटावर हलवल्या होत्या. आमच्या घरच्या राज्यकर्त्यांनी मला त्याच संध्याकाळी गच्चीवर हलवलं.

तिथे कळलं, की थंड कांडी एकदम ज्योतीत धरली तर टोक फटाक्यासारखं तडकून उडतं आणि उडून शेजारच्या वहिनींच्या वाळत घातलेल्या कुरडयांतच पडतं. की तापलेल्या काचेतल्या सोडियममुळे ज्योत पिवळीधमक होते, ती झाकायला खास चष्मा लागतो आणि उन्हाचा गॉगल लावला तर काचही दिसत नाही आणि आपलं बोटही. की वितळलेली काच सळीवर गुंडाळताना सळी सतत फिरवत ठेवावी लागते, नाक खाजवायला थांबलं तर मणी एका बाजूला लोंबतो. आणि सळीला आधी मातीचा लेप दिला नाही तर मणी सुटत नाही. एक अजून सळीवरच आहे.

पुढे एक निळा मणी चक्क गोल झाला. तो ताटलीत ठेवून घरभर दाखवला, हिनेसुद्धा ‘बरा आहे’ म्हटलं, आणि जेवण चालू असताना ताटलीतून ‘टिक्’ आवाज आला. काच वरून आधी गार होते, आत ऊब राहते आणि त्या ओढाताणीत ती तडकते. म्हणून मणी भट्टीत पाचशे अंशांच्या आसपास ठेवून सावकाश निववायचा असतो. भट्टीचा खर्च ऐकून मी काटकसर सुरू केली आणि पुढच्या मण्यावर सरबताच्या बाटलीची हिरवी काच चढवली. दोन काचा सारख्या आकसत नाहीत. तोही गेला. वहिनींच्या कुरडया मात्र हिने नव्याने करून दिल्या. तो हिशेब अजून मिटलेला नाही.

एरवी काळे मणी मी चिमटीने पुडीत टाकायचो. आंध्रातल्या पापनायडूपेटचे कारागीर भट्टीतल्या काचेतून लांबलचक पोकळ नळी ओढायचे, तिचे बारीक तुकडे करायचे आणि ते पुन्हा तापवून त्यांच्या कडा गोल करायचे, हे वाचल्यापासून मी सांडलेला मणी पलंगाखाली सरपटत जाऊन शोधतो.

बाईंना शेवटी बाजारातले मणी गाठवून दिले. त्यांनी ते बोटांत फिरवले, एकसारखे नाहीत हे पाहिलं आणि खूश होऊन म्हणाल्या, ‘हाताने केलेलं लगेच कळतं हो!’ खोटं काहीच नव्हतं. हात माझे नव्हते, एवढंच.

तुमच्याकडे कुणाची पोत तुटली असेल तर मणी पुडीत बांधून घेऊन या, संध्याकाळपर्यंत गाठवून देतो. करून मात्र मागू नका.