आधी साहेब निवडा, मग ठिकाण

१८४१ सालच्या जुलैत थॉमस कुक नावाच्या गृहस्थांनी इंग्लंडातल्या लेस्टरहून लफबरोला पाचेकशे माणसं आगगाडीने नेऊन आणली. माणशी एक शिलिंग. सहलींच्या धंद्याचे मूळपुरुष म्हणून आज त्यांचंच नाव घेतात. पण ती मंडळी मौज करायला निघाली नव्हती, दारूविरोधी सभेला निघाली होती. पुढे एक जण, मागे पाचशे, पोचल्यावर उपदेश आणि घशाला कोरड. त्यातल्या उपदेशाचं आणि कोरडीचं पुढे काय झालं ते शनिवारी रात्री कळंगुटला जाऊन पाहावं. पुढे एक आणि मागे पाचशे ही मांडणी मात्र अजून कुणाला मोडवलेली नाही.

मोडायची कशाला? सुट्टीत माणसाला विश्रांती हवी असते, ही डॉक्टरांनी आणि रिसॉर्टवाल्यांनी मिळून उठवलेली आवई आहे. माणसाला हवा असतो दुसरा साहेब. वर्षभर ज्याच्यापुढे मान तुकवली त्याचा कंटाळा येतो; मान तुकवण्याचा येत नाही. तेव्हा डोंगर की समुद्र, या वादात रविवारची दुपार घालवू नये. आपल्या प्रकृतीला कोणता साहेब मानवतो ते आधी ठरवावं. ठिकाण काय, तोच सांगेल.

महाबळेश्वर तर थेट साहेबांनीच वसवलं. सर जॉन माल्कम मुंबईचे गव्हर्नर असताना तिथे पेठ उभी राहिली आणि पुढे उन्हाळा लागला की इलाख्याचं सरकार फायलींसकट डोंगर चढू लागलं. हवा बदलायची, कचेरी नाही. आपण आजही त्याच वाटेने जातो आणि विल्सन, लॉडविक, एल्फिन्स्टन अशी गव्हर्नरांची आणि जनरलांची हजेरी घेत हिंडतो. उगवता सूर्य विल्सनसाहेबांकडे बघायचा, मावळता बॉम्बे पॉइंटला, आणि मधल्या वेळात टॅक्सीवाला म्हणेल तिथे उतरायचं. स्ट्रॉबेरी तेवढी आपल्या मर्जीने.

निवृत्त माणसाला सगळ्यात मानवणारा साहेब म्हणजे टूर मॅनेजर. वय सव्वीस-सत्तावीस, गळ्यात ओळखपत्र, हातात झेंडी. रात्री बसमध्ये माइक घेऊन तो फक्त ‘उद्या सहा-सात-आठ’ म्हणतो आणि चाळीस माणसांना कळतं, की सहाला उठायचं, सातला नाश्ता, आठला बस. मंत्रालयातून उपसचिव म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ, ज्यांच्या टेबलावरून उभ्या हयातीत एक कागद आठवड्याच्या आत पुढे सरकला नाही, ते सात पन्नासला मफलर गुंडाळून बसच्या दारात हजर असतात. ‘सर, वर स्वेटर लागेल का?’ असं ते त्या पोराला विचारतात. पोरगा ‘लागेल काका’ म्हणतो. काकांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरतं ते पेन्शन मंजूर झाली त्या दिवशीही पसरलं नव्हतं.

युंगफ्राउयोखला, ३,४५४ मीटरवर, चहूकडे आल्प्स आणि बर्फ असताना हे गृहस्थ खिडकीकडे पाठ करून जेवत असतात. तिथे ‘बॉलिवूड’ नावाचं भारतीय उपाहारगृह आहे आणि ‘जेवायला पस्तीस मिनिटं’ असा हुकूम सुटलेला आहे. बर्फ फोटोत बघता येईल. वरण फोटोत गार होतं. त्यात बसमधल्या जागा रोज बदलतात. ज्यांनी नोकरीत दोन-तीन बदल्या वरच्या वर रद्द करून घेतल्या, ते दुसऱ्याच दिवशी मॅनेजरच्या कानाशी लागतात. हिला मागे बसलं की मळमळतं हो. या वयात हा सराव दुसरीकडे कुठे मिळणार? शेवटच्या रात्री निरोपाचं भाषण तेच करतात आणि त्यात ‘आपले आदरणीय’ हा शब्द त्या पोराला लावतात.

केंद्र सरकारच्या नोकरदाराला साहेब शोधावा लागत नाही, परिपत्रक पुरतं. एलटीसीचा, म्हणजे रजेतल्या प्रवास सवलतीचा, चार वर्षांचा ब्लॉक. साधारणपणे त्यात एकदा आपल्या गावी, एकदा भारतात कुठेही. विमानाचं तिकीट नेमून दिलेल्या एजंटाकडूनच, आणि आगाऊ रक्कम उचलली असेल तर परतल्यावर महिन्याभरात हिशेब. एरवी ज्यांना विमान लागू नाही त्यांनाही अंदमान, काश्मीर, ईशान्येकडे विमानाने जायची सवलत सरकार वेळोवेळी देत आलं आहे. त्यामुळे बाबांना अचानक हिमालय खुणावू लागला, की घरच्यांनी भारावून जाऊ नये. नवीन परिपत्रक आलेलं असतं. सेल्युलर जेलमध्ये सावरकरांच्या कोठडीपुढे मान लववतानाही त्यांचा एक हात खिशावर असतो, कारण खिशात बोर्डिंग पास आहेत. २०२५ संपताना २०२२चा ब्लॉक वाया जातो की काय या काळजीने देशात जेवढं पर्यटन झालं असेल, तेवढं निसर्गसौंदर्याने खचितच झालं नसेल.

चाकरमान्याचा साहेब गावात राहतो. त्याला काका म्हणतात. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं. तेव्हा पाळण्यात असलेली मुलं आता त्याच रस्त्यावर गाडी चालवायला मागतात. त्या खड्ड्यांतून मणके मोजत आपण मे महिन्यात खळ्यात उतरतो. काका मान वर न करता म्हणतात, ‘इलंस? बरां झालां. कौलां परतूक माणूस गावना नाय.’ झालं, रुजू. पुढचे आठ दिवस पाऊस यायच्या आत घर शाकारायचं, पेटीत पेंढा घालून आंबे भरायचे, फणस उतरवायचा आणि सातबाऱ्यावर आजोबांच्या नावाखाली अजून किती नावं चढली ते बघायला तलाठ्याकडे खेपा घालायच्या. मुंबईत रोबोटिक्सच्या वर्गाला जाणाऱ्या चिरंजिवांना काठी देऊन उन्हात घातलेल्या आंब्याच्या साठांच्या राखणीला बसवतात. कावळे हाकलायचे. पोरगं पहिला दिवस रडतं, तिसऱ्या दिवशी त्याचा अंमल बसतो आणि निघायच्या दिवशी ते खळ्यातून हलत नाही. साहेब होण्याची पहिली संधी कुणाला सोडवते?

ज्यांना माणसाचा हुकूम सोसत नाही त्यांनी इगतपुरीला धम्मगिरीत विपश्यनेच्या शिबिराला जावं. तिथे साहेब म्हणजे घंटा. पहाटे चारला होते. दहा दिवस बोलायचं नाही, फोन जमा, बायका आणि पुरुष वेगळे. लग्नाला वीस वर्षं उलटलेल्या जोडप्यांना हे शिबिर अध्यात्माची ओढ नसतानाही का आवडतं, त्यावर आम्ही बोलत नाही. फी नसते, हे ऐकल्यावर पुण्यातून चौकशा वाढतील.

गोव्याला लॅपटॉप घेऊन जाऊन काम करणाऱ्यांचा इथे विचार केलेला नाही. त्यांनी साहेब बदललाच नाही, फक्त त्याच्यामागे माडाचं झाड लावलं.

घरात कन्यारत्न असेल तर बाहेर बघायला नको. ती एक्सेलचा तक्ता करते. रेल्वेचं आरक्षण १२० दिवसांऐवजी आता ६० दिवस आधी उघडतं, त्या सकाळी ती आठच्या ठोक्याला तीन फोन घेऊन बसते. बापाचं काम ओटीपी वाचून दाखवणं. तक्त्यात वेळ, ठिकाण, तिकीट आणि ‘लाइट’ असे रकाने असतात. लाइट म्हणजे दिवाबत्ती नव्हे, फोटोला ऊन कुठून येतं ते. कासच्या पठारावर सप्टेंबरात फुलं बघायला जायचं तर आधी ऑनलाइन नोंदणी, रोज ठरावीक माणसंच आत, आणि शिट्टी घेऊन राखणदार. तिथे गेलो की कन्येवरही शिट्टी वाजवणारा कुणीतरी जगात आहे, हे पाहून बापाला जे वाटतं, त्यासाठी सातारा फार लांब नाही.

राहता राहिली घरातली बाई. तिला साहेबही नको आणि साहेबीही नको. ठिकाणाचं नाव ऐकल्यावर तिचा एकच प्रश्न असतो, सकाळचा चहा कोण करणार? होमस्टेचे फोटो दाखवत नवरा उत्साहाने म्हणतो, ‘छोटंसं किचनपण आहे बघ, आपल्याला हवं ते करून खाता येईल.’ या वाक्यातलं ‘आपल्याला’ ती बरोबर ओळखते. मग मैत्रिणींचा ग्रुप शांतपणे फक्त बायकांच्या सहलीचे पैसे भरतो. तिथेही सहा-सात-आठ आहेच, पण सहाला उठून डबा करायचा नसतो. खोलीच्या दाराशी कुणी मुलगी येऊन ‘काकू, चहा झाला का?’ विचारते. लग्नानंतर हा प्रश्न तिला पहिल्यांदा विचारला जात असतो, म्हणून हुकूमही गोड लागतो. रात्री त्या फेटे बांधून नाचतात. त्याचे व्हिडिओ घरच्या ग्रुपवर पडत नाहीत.

तिसऱ्या दिवशी, थिंफूच्या बाजारात, ठाण्याहून फोन येतो. हिंग कुठल्या डब्यात आहे? कुकरच्या किती शिट्ट्या? आणि कामाची बाई नक्की सोमवारीच येणार आहे ना, की सांगून गेलीये सुट्टीवर? वीस वर्षं ही उत्तरं तिने पोळी लाटता लाटता दिली आहेत. आता ती शालीचा भाव करता करता फोन कानापासून जरा लांब धरते.

‘थांबा हं, आमच्या मॅनेजरला विचारून सांगते.’