अडीच मिळवा

बँकेत मी बत्तीस वर्षं काढली, त्यातली अकरा कॅशवर. या अकरा वर्षांत संध्याकाळी रोकड जुळली नाही असं दोनदाच झालं आणि दोन्ही वेळा चूक दुसऱ्याची निघाली. ही माहिती मी ओळख झाल्यापासून पहिल्या दहा मिनिटांत कुणालाही देतो. सिंगापूरहून निघालेल्या क्रूझवर जेवणाच्या टेबलाशी आमच्यासोबत बसवलेल्या नागपूरच्या जोडप्यालाही सूप यायच्या आत दिली होती. दम धरायला हवा होता. निदान पेनांग होईपर्यंत.

पेनांग हे मलेशियाचं बेट. जहाज सकाळी दहाला जॉर्ज टाउनच्या धक्क्याला लागणार, संध्याकाळी पाचला निघणार, आणि प्रवाशांनी चारच्या आत परत यायचं. म्हणजे हातात सहा तास. जहाजवाल्यांची सहल होती, पण तिच्या दराचे रुपये केले आणि तो आकडा मी हिला दाखवलाच नाही. शिवाय धक्का भर शहरात. बाहेर पाऊल टाकलं की गाव. डोंबिवलीकराला स्टेशनाबाहेर पडायला गाइड लागतो का?

रात्री केबिनमध्ये बसून मी फुलस्केपवर आराखडा केला. अकरा ठिकाणं. प्रत्येकापुढे तीन रकाने: पोचणे, पाहणे, निघणे. पेनांग हिलला सत्तर मिनिटं, थाई देवळातल्या ३३ मीटर लांब बुद्धाला पंधरा. तो आडवाच आहे, पंधरा पुरेत, असं मी म्हणालो. हिने चष्मा न लावताच कागदावरून नजर फिरवली.

"यात बाथरूमला कुठे जायचं?"

मी बारावी ओळ वाढवली.

आता घड्याळाबद्दल. माझ्या हातात सासऱ्यांनी लग्नात दिलेलं, रोज किल्ली द्यावी लागणारं एचएमटी आहे. परदेशी गेलं की लोक विमानातच घड्याळ पुढेमागे करतात. मला तो उतावळेपणा वाटतो. घरी आत्ता काय वाजले, सोसायटीत पाणी आलं असेल का, हे मनगटाकडे बघून कळायला हवं. पेनांग आपल्यापुढे अडीच तास. जहाजाचं, सिंगापूरचं आणि पेनांगचं घड्याळ एकच. तेव्हा अडीच मिळवा की झालं. हिने सिंगापूरला तीन दिवस माझं हे "सव्वासात अधिक अडीच, पावणेदहा" ऐकलं होतं. मोबाइल मी जहाजावर चढतानाच पूर्ण बंद करून बॅगेच्या तळाशी टाकला होता, कारण समुद्रात फोन आपोआप जहाजाचं नेटवर्क पकडतो आणि मग बिल येतं, असं सोसायटीतल्या एकाने सांगितलं होतं. ते सांगताना त्याचा आवाज कापत होता.

उतरलो आणि समोरच घड्याळ. म्हणजे मनोरा. आराखड्यातलं ठिकाण क्रमांक एक. व्हिक्टोरिया राणीला गादीवर येऊन १८९७ साली साठ वर्षं झाली, म्हणून एका धनाढ्य चिनी गृहस्थाने तो बांधायला घेतला. वर्षाला एक फूट या हिशेबाने उंची साठ फूट. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यापासून तो जरासा कललाय. हे सगळं मी हिला वहीतून वाचून दाखवलं. त्या मनोऱ्याला चारी बाजूंनी मोठमोठ्या तबकड्या आहेत आणि त्या किती वाजले ते सांगतात, हा मुद्दा मात्र माझ्या टिपणात नव्हता.

शेजारी फोर्ट कॉर्नवालिस. १७८६ मध्ये फ्रान्सिस लाइट इथे उतरला आणि ईस्ट इंडिया कंपनीचं निशाण लावलं. जंगल तोडायला मजूर तयार होईनात, तेव्हा त्याने तोफेत चांदीची नाणी भरून ती रानात उडवली आणि मग पैसे शोधण्यासाठी लोकांनी रान साफ केलं, अशी दंतकथा आहे. मला ती ऐकवत नाही. व्हाउचर नाही, सही नाही, आणि रोकड तोफेतून! किल्ल्याने लढाई अशी कधी पाहिलीच नाही. भिंती इतक्या बेताच्या, की सिंहगड चढलेल्या माणसाने त्यांच्याकडे मान वर न करता बघावं. सात मिनिटांत आटोपला. आराखड्यापेक्षा आठ मिनिटं पुढे! त्या दिवशी मी वेळेच्या पुढे असण्याची ती पहिली वेळ. दुसरी आणखी जोरदार होती, पण ती नंतर.

वाचवलेली आठ मिनिटं बसने खाल्ली. जॉर्ज टाउनमध्ये गावातून फिरणारी एक बस फुकट आहे. फुकट आणि वातानुकूलित. आम्हाला चौथ्या की पाचव्या थांब्यावर उतरायचं होतं. पण बाहेर घामाच्या धारा, आत गारवा, खिडकीशेजारी जागा, आणि तिकीट शून्य. अशा गाडीतून मध्येच उतरणं माझ्या स्वभावात बसत नाही. "शेवटपर्यंत जाऊ, सगळं शहर बघून होईल," मी म्हणालो. शेवटी कळलं की बस गोल फिरते. पाऊण तासाने आम्ही जिथे चढलो होतो तिथेच उतरलो. हिने काही म्हटलं नाही. तिने नुसता आराखडा माझ्या हातातून घेतला, चार घड्या घातल्या आणि पर्समध्ये ठेवला.

पेनांग हिल तिथेच गेली. ८३३ मीटरचा डोंगर, १९२३ पासून त्यावर दोराने ओढली जाणारी रूळगाडी. माथेरान जवळपास तेवढंच उंच आहे आणि डोंबिवलीहून दोन तासांवर. तिथे शेवटचं कधी गेलो ते आठवत नाही. पण परदेशातला डोंगर हुकला की जीव हळहळतो.

मग आर्मेनियन स्ट्रीट. इथल्या एका जुन्या भिंतीवर एका लिथुआनियन चित्रकाराने २०१२ साली सायकलवर बसलेली दोन मुलं रंगवली. मुलं चित्रातली, सायकल मात्र खरी, भिंतीला टेकवलेली. मोठी बहीण पुढे, धाकटा भाऊ मागून तिला घट्ट धरलेला. सगळं जग तिथे रांगेत उभं राहून सायकल मागून ढकलल्याचा फोटो काढतं. वीस मिनिटांनी आमचा नंबर आला. फोटोत काच चमकते म्हणून हिने माझं घड्याळ काढून घेतलं, चष्मा घेतला, पिशवी घेतली. मी वाकलो, सीटच्या मागे हात लावला आणि चेहऱ्यावर बालपण आणलं.

बालपण आलं, पण गुडघा गेला. वाकलेला मी वर येईना. रांगेतल्या लोकांना वाटलं, गृहस्थ पोझ देण्यात रंगलाय; एकीने टाळ्याही वाजवल्या. नागपूरच्या वहिनी तिथेच भेटल्या. त्या म्हणाल्या, "भाऊजी अजून ढकलूनच राहिले का?" शेवटी त्यांच्या यजमानांनी काखेत हात घालून मला उभं केलं. मी एका दुकानाच्या पायरीवर टेकलो. हिने माझं मनगट हातात घेऊन पट्टा बांधला आणि म्हणाली, "लावून दिलंय हं तुमचं घड्याळ."

मी "हं" म्हटलं. मनगटावर लावून दिलंय, ते मला दिसतच होतं.

पुढे दोन्ही बायकांना लिटिल इंडियात साड्या बघायच्या होत्या आणि नागपूरकरांना परत जहाजावर जाऊन झोपायचं होतं. मला चेंडोल खायचं होतं. आराखड्यात ते ठिकाण क्रमांक सात होतं आणि तो कागद पर्समध्ये गेला तरी मला तोंडपाठ होता. "चारला धक्क्यावर," असं ठरवून आम्ही पांगलो.

चेंडोलसाठी पेनांग रोडवरच्या एका गल्लीत मोठी रांग लागते. बर्फाचा चुरा, त्यावर नारळाचं दूध, ताडगुळाचा काळा पाक आणि तांदळाच्या पिठाच्या हिरव्यागार, मऊ शेवया. शेवयांचा हिरवा रंग आणि वास एका पानाचा. आपल्याकडे कोकणात बासमतीचा वास देणारं जे पान साध्या भातात टाकतात, त्याच जातीचं. माझ्या आजीचं माहेर मालवणचं. पहिला चमचा जिभेवर ठेवला आणि मी थबकलो. अरे, हे तर शिरवाळे! तांदळाच्या शेवया, नारळाचा रस, गूळ. फक्त आजीने कधी त्यांना बर्फात घातलं नव्हतं आणि वरून राजमाही टाकला नव्हता. राजम्याचे ते चार तांबडे दाणे मी बाजूला सारले, दुसरा चमचा भरला आणि सवयीने मनगटाकडे बघितलं.

एक वीस. अधिक अडीच. तीन पन्नास.

दहा मिनिटं उरली होती.

तुम्ही म्हणाल, संशय कसा आला नाही? आला. पण माणूस एकदा बेरीज करून मोकळा झाला की पुरावे आपोआप गोळा होतात. पोटात कावळे ओरडत होते, म्हणजे जेवायची वेळ केव्हाच टळलेली. रांग मोठी होती. गुडघ्यामुळे चाललो हळू. राहिलं ऊन, तर विषुववृत्त इतकं जवळ असताना सावलीवर काय विश्वास ठेवायचा? चमचा वाटीत टाकून मी पळालो. वाटी जवळजवळ भरलेली होती. पुढचा सगळा दिवस मला तीच दिसत होती.

तीन चाकांची सायकलरिक्षा समोर उभी होती, प्लास्टिकच्या फुलांनी नखशिखान्त सजवलेली. पेनांगच्या रिक्षात प्रवासी पुढे आणि चालवणारा मागे असतो. म्हणजे घाई झालेल्या माणसाला समोर फक्त रहदारी दिसते. ज्याच्यावर ओरडायचं तो पाठीमागे. चालक सत्तरीचे आजोबा. ते संथ पेडल मारत होते आणि मध्येमध्ये मागून हात काढून एखादी देखणी इमारत दाखवत होते. मला मलय भाषेतला 'लवकर' हा शब्द ठाऊक होता. वहीत लिहून घेतला होता. च-वरून होता. चपात? चेपात? जीव टांगणीला लागलेला असताना तोंडातून निघालं, "चपाती! चपाती!"

आजोबांनी मान डोलावल्याचं मला मागे न बघताही कळलं. रिक्षा वळली. मी आणखी जोरात ओरडलो, तसा त्यांनीही वेग वाढवला. मला हायसं वाटलं. तीन-चार मिनिटांत आम्ही एका खानावळीसमोर उभे होतो आणि आतला माणूस तव्यावरून फडकं फिरवत विचारत होता, किती?

त्यानंतरचं अंतर मी धावत काटलं. चालत्या गाडीमागे फलाटावर धावण्याचा तीस वर्षांचा सराव कामी आला, गुडघा मात्र त्या सरावाला नव्हता. डाव्या सँडलचा पट्टा वाटेतच तुटला. कललेल्या मनोऱ्याला मी जवळजवळ अंग घासून गेलो. वर बघितलं नाही. स्वतःचं घड्याळ असताना दुसऱ्याचं कशाला बघायचं?

धक्क्यावर आलो तर जहाज उभं! माझ्या हिशेबाने सव्वाचार होऊन गेले होते. हजारो माणसांचं जहाज एका निवृत्त कॅशियरसाठी थांबलं होतं. दारावरच्या सुरक्षारक्षकाचे दोन्ही हात मी हातात घेतले. "थँक यू फॉर वेटिंग," मी म्हणालो. माझा आवाज भरून आला. तो म्हणाला, "इट्स ओके, सर." मी त्याला म्हटलं, "नो, नो. इट इज नॉट ओके. व्हेरी सॉरी." कार्ड मशीनला लावताना मी मागे वळून त्याला पुन्हा हात जोडले. एका पायात सँडल, एक हातात.

केबिनमध्ये ही नव्हती. नागपूरकरांना उठवलं, तर वहिनीही आलेल्या नव्हत्या. मी तसाच रिसेप्शनला गेलो आणि दोन बायका बेटावर राहिल्या आहेत, जहाज हलवू नका, असं कॅप्टनना कळवा म्हणून सांगितलं. काउंटरवरच्या मुलीने माझ्याकडे बघितलं, सँडलकडे बघितलं आणि मागच्या भिंतीवर बोट ठेवलं. तिथे घड्याळ होतं. एक त्रेपन्न.

एक त्रेपन्न. मी मनगटाकडे बघितलं. एक त्रेपन्न. भारतात एक त्रेपन्न आणि इथेही एक त्रेपन्न, हे कसं? मग सायकलीसमोरची ती दुकानाची पायरी आठवली, तिने बांधलेला पट्टा, आणि 'लावून दिलंय' या शब्दाचा दुसरा अर्थ.

आता सरळ मार्ग होता. सँडल बदलायची, परत उतरायचं. दोन तास होते. जाऊन ती वाटी पुरी करता आली असती. गुडघ्याचं मी उगाच नाव घेणार नाही. गुडघ्याने कशीबशी साथ दिली असती. पण बाहेर जायला वाट एकच, आणि त्या वाटेवर तो सुरक्षारक्षक उभा होता. ज्याचे हात धरून मी गहिवरलो, त्याच्यासमोरून दहा मिनिटांनी पुन्हा गावात चेंडोल खायला जायचं? नाही जमलं.

मी वरच्या डेकवर जाऊन बसलो आणि दोन तास पेनांग बघितलं. डोंगर ढगात होता. मनोऱ्याची तबकडी स्वच्छ दिसत होती. पावणेतीनच्या सुमाराला सर आली, धुवाधार पडली, गेली. पत्रे, कौलं, सगळं वाफाळलं. मी एकदाही बेरीज केली नाही.

चारला दहा कमी असताना दोघी आल्या, हसत, पिशव्या घेऊन. पाण्यात लाकडी खांबांवर बांधलेली चिनी लोकांची जुनी वस्ती पाहून आल्या होत्या. खू घराण्याची नक्षीदार वास्तू पाहिली होती. आणि चेंडोल? दोन-दोन वाट्या.

"शिरवाळेच की हो अगदी," ही म्हणाली. "तुम्ही कधी आलात?"

"झाला थोडा वेळ," मी म्हटलं.

"आम्ही बघितलं ना तुम्हाला. साडीच्या दुकानात होतो. समोरून फुलांच्या रिक्षातून चाललेलात, चपाती चपाती ओरडत. वहिनी म्हणाल्या, हाक मारू का. मी म्हटलं, असू दे, कधी नव्हे ते मजेत दिसताहेत."

जहाजाने भोंगा दिला. पाच. माझ्याही घड्याळात पाच. दुसऱ्या दिवशी सकाळी फुकेत होतं आणि तिथली वेळ जहाजापेक्षा एक तास मागे, असं केबिनमधल्या पत्रकात छापलं होतं. हिने ते शेवटपर्यंत वाचलं, पत्रक घडी घालून पर्समध्ये आराखड्याशेजारी ठेवलं आणि माझ्यापुढे हात पसरला.

"काढा ते घड्याळ."