भोक असलेलं आरोग्य

घरात कुणाचा तरी रक्ताचा रिपोर्ट येतो आणि त्या दिवशी डोनटवाल्या वहिनींचा जन्म होतो. तोवर त्या नुसत्याच वहिनी असतात. रिपोर्ट बहुतेक वेळा दादांचा असतो. त्यात 'तीन महिन्यांची साखर' ६.१ निघते. ५.७ ते ६.४ म्हणजे डॉक्टरांच्या लेखी मधुमेहाची पूर्वपायरी आणि घरच्यांच्या लेखी 'बॉर्डर'. आता रोज पहाटे टेकडी चढायला लागणार या विचाराने दादा गारठतात. पण टेकडी टळते. वहिनी ओटीजी बाहेर काढतात.

कोथरूड असो, डोंबिवली असो की नाशिकचं इंदिरानगर, अशी एक तरी वहिनी प्रत्येक सोसायटीत असतेच. एकेकाळी तिने कुकरच्या तळाशी मीठ पसरून, शिट्टी आणि रिंग काढून केक केलेले असतात. नंतर हौसेने ओटीजी आला, मुलं शिकायला बाहेर गेली आणि त्याच्या पोटात कढया, झारे, दिवाळीचा सोऱ्या असा संसार मांडला गेला. रिपोर्टच्या दिवशी तो संसार ओट्यावर येतो आणि सहा खळग्यांचा सिलिकॉनचा साचा ऑनलाइन मागवला जातो.

आता डोनटच का? केक केला तर शेजारी विचारतात, "आज वाढदिवस कुणाचा?" डोनट केला तर विचारतात, "घरी?" हे 'घरी?' ऐकण्यासाठी वहिनी काहीही करायला तयार असतात. त्यावरचं त्यांचं उत्तर ठरलेलं : "हो, आणि तळलेले नाहीत हं. मैदा नाही, साखर नाही, अंडं नाही."

ही झाली वजाबाकी. मैद्याच्या जागी अर्धी कणीक, अर्धी नाचणी. पूर्ण नाचणी घालून पाहिलेली असते. पण नाचणीत ग्लुटेन नसल्यामुळे डोनट साच्यातून निघतानाच भुगा होतो आणि त्या दिवशी सोसायटीत 'नाचणीचं हेल्दी क्रम्बल' वाटलं जातं. अंड्याच्या जागी कुस्करलेलं केळं, बटरच्या जागी दही. दह्यातल्या आंबटपणाने सोडा फुलतो, म्हणून घोळ कालवल्यावर रेंगाळून चालत नाही. हे शास्त्र वहिनींना पक्कं ठाऊक असतं, आणि त्या घाईत बेल वाजवणाऱ्या कुरिअरवाल्याचं काही खरं नसतं.

मग सुरू होते बेरीज. साखर नाही, पण गूळ आहे. गूळ आहेच तर चार खजूर घालायला काय हरकत? वरून चमचाभर मध. बदामाची पूड तर आरोग्याचीच. केळं तर मुळातच गोड, त्यातही वहिनींना लागतं ते साल काळी पडलेलं, म्हणजे ज्यातल्या पिठुळपणाची बहुतेक साखर होऊन गेलेली असते. शंभर ग्रॅम साखरेत चारशेच्या आतबाहेर कॅलरी असतात आणि गुळात त्याहून जेमतेम कमी. खजुराच्या वजनाचा दोन तृतीयांशाच्या आसपास भाग साखरच असतो. पण हे हिशेब वहिनींसमोर मांडायचे नसतात. "ती नैसर्गिक साखर," असं ऐकावं लागतं. उसाच्या रसाची साखर तेवढी कृत्रिम ठरते, गुऱ्हाळातून आली की पुन्हा पवित्र होते.

वहिनींना साचा भरताना एकदा पाहावं. पाइपिंग बॅग त्यांच्याकडे आहे, पण ती धुवायचा कंटाळा. म्हणून धुऊन सुकवलेली दुधाची पिशवी उंच फुलपात्रात उभी करायची, तिच्या कडा फुलपात्राच्या काठावर दुमडायच्या, वरून घोळ ओतायचा, पिशवी पिळून वर गाठ मारायची आणि कात्रीने कोपरा कापायचा, करंगळी जाईल एवढा. मग मेंदीच्या कोनासारखी गोल फिरवायची. खळगा पाऊणच भरायचा. काठोकाठ भरला तर फुगून मधलं भोक बुजतं आणि डोनटचा गुमान मफिन होतो. तसं पाहिलं तर बेक केलेला डोनट हा भोकाच्या जोरावर मिरवणारा मफिनच. तळताना तेल साधारण १८० अंशांवर असतं, ओटीजीही १८० वरच लावतात. पण तेलात डोनट दोन-तीन मिनिटांत खरपूस होतो आणि ओटीजीत पंधरा मिनिटं बसूनही तो मवाळच राहतो, कारण तेल उष्णता देतं तशी हवा देत नाही. तो कुरकुरीत तांबूस पापुद्रा बेकिंगमध्ये नाही मिळत. वहिनींना हे मान्य नाही. "थोडा जास्त वेळ ठेवला की येतो," म्हणतात. थोडा जास्त वेळ ठेवला की त्याची खारी होते.

या प्रयोगशाळेत समीक्षक एकच, त्यांच्या सासूबाई. मूळच्या राजापूरच्या, दात मोजके, जीभ शाबूत.

"अगो, हे आपलं धोंडसच की. काकडीऐवजी केळं घातलंस इतकंच. भोक कशाला पाडलंस?"

"आई, मधला भाग कच्चा राहू नये म्हणून." इथे वहिनी हटकून हॅन्सन ग्रेगरीची गोष्ट सांगतात. या अमेरिकन खलाशाचा दावा असा, की १८४७ मध्ये जहाजावर असताना त्याने मिरपुडीच्या डब्याच्या झाकणाने डोनटचा मधला कच्चट भाग काढून टाकला आणि जगातलं पहिलं भोक पाडलं.

"झाकणाने? म्हणजे फुलपात्र नव्हतं त्याच्याकडे," आजी म्हणतात. "आणि मेदूवड्याला कुठल्या खलाशाने पाडलं?"

आजींचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. खाली निखारे, झाकणावर निखारे ठेवून तांदळाचा रवा, गूळ आणि काकडी भाजणारं कोकण ओटीजीची वाट पाहत बसलं नव्हतं. फणसाची सांदणं तर वाफवलेली, म्हणजे तेलाचा थेंबही नाही. फक्त त्यांना कुणी 'गिल्ट फ्री' म्हटलं नाही, कारण खाणाऱ्याला गिल्ट नव्हती.

फळांच्या बाबतीत मात्र वहिनींना मानलं पाहिजे. जानेवारीत महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, मे महिन्यात हापूस, मधल्या काळात घोलवडचा चिकू आणि बारमाही जळगावचं केळं. ब्लूबेरीची इवलीशी डबी एकदा आणली, किंमत बघून दादांची तीन महिन्यांची साखर तीन सेकंदांत उतरली, तेव्हापासून करवंदं. जांभळाचा डोनट चवीला उत्तम झाला, पण रंग सिमेंटचा. कच्च्या अननसाचा मात्र सपशेल पराभव. वरच्या थरासाठी चक्क्यात ताजा अननस घुसळला आणि संध्याकाळपर्यंत सगळं कडू. अननसातलं ब्रोमेलेन दुधातली प्रथिनं तोडतं, म्हणून फोडी आधी शिजवून घ्याव्या लागतात. हे कळल्यावर वहिनींनी सगळ्या बायकांना ते शिकवलं, आणि पहिला वाया गेलेला डबा कुठे गेला हे मात्र सांगितलं नाही. तो आमच्याकडे आला होता.

वरच्या थराबद्दलही एक शंका आहे. चक्का, हापूसचा रस, थोडी पिठीसाखर ("वरच्याला चालते"), वेलची. याला वहिनी 'योगर्ट ग्लेझ' म्हणतात. आमच्या घरी ताटात डाव्या बाजूला नाही, उजव्या बाजूला पुरीसोबत हे वाढतात आणि आम्रखंड म्हणतात.

दादांचं सांगायचं राहिलंच. पूर्वी ते महिन्यातून एखादं जिलबीचं ताट बघत आणि ओशाळून अर्धी खात. आता रोज संध्याकाळी चहाबरोबर दोन डोनट न ओशाळता खातात, कारण ते औषध आहे. पुढचा रिपोर्ट ६.३ आला. वहिनींनी निदान केलं : ऑफिसमधला चहा. डॉक्टरांनी सुचवलेली टेकडी पुन्हा एकदा पुढच्या महिन्यावर गेली.

माझा निकाल विचाराल तर तळलेल्या डोनटपेक्षा यात तेल खूपच कमी, नाचणीचं सत्त्व आहे, फळ खरं आहे, आणि एक खाल्ला तर काही बिघडत नाही. साखरेच्या माणसाने मात्र त्याला मिठाईच समजावं आणि टेकडी चढावी. तुमच्या दारात असा डबा आलाच तर 'नंतर खातो' म्हणू नका. हा डोनट पहिल्या तासाभरात मऊ आणि सुरेख लागतो, दुसऱ्या दिवशी रबर होतो. उरलाच तर आडवा कापा, तव्यावर चमचाभर साजूक तूप सोडा आणि दोन्ही बाजूंनी खरपूस भाजून खा. फक्त वहिनींना कळू देऊ नका.