कमिटीपूर्वीची भक्ती: स्वरूप आणि उपयोग

मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांत कमिटीची सभा भक्तीने सुरू होते. विषयपत्रिकेवर भक्तीचा क्रमांक पहिला, मागील सभेच्या इतिवृत्ताचा दुसरा आणि जमाखर्चाचा तिसरा. एखाददुसरे कडवे, शास्त्रपाठ, त्यावर दोन शब्द आणि प्रार्थना असे तिचे चार भाग पडतात. एकूण दहा मिनिटे धरलेली असतात. ‘दोन शब्दां’मुळे त्यांची पंचवीस होतात. या वेळात कुणाला हरकत घेता येत नाही, खुलासा मागता येत नाही आणि अध्यक्षांना ‘आवरते घ्या’ म्हणता येत नाही. देवाशी बोलत असलेल्या माणसाला मध्येच थांबवण्याची तरतूद कोणत्याही नियमावलीत नसते. भक्तीचे गुण आणि दोष, दोन्ही याच सवलतीतून निघतात.

या प्रथेला दोन घराण्यांचे वळण आहे. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी १८१३ साली मुंबईत आले आणि १८३१ साली अहमदनगरला ठाणे झाले. त्यांची परंपरा काँग्रिगेशनल, म्हणजे मंडळीचा कारभार मंडळीने मते घेऊन चालवायचा आणि प्रार्थना मनात येईल त्या शब्दांत करायची. अँग्लिकनांकडे मात्र छापील प्रार्थनापुस्तक. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्चसंस्था एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले आणि ही दोन्ही वळणे एकाच टेबलाभोवती येऊन बसली. छापील प्रार्थना कुठे संपते, हे सर्वांना आधीच ठाऊक असते. उत्स्फूर्त प्रार्थनेत ‘शेवटी, हे प्रभू’ असे शब्द आले, की निम्मा पल्ला गाठला असे समजावे.

भक्ती पाळीने चालवली जाते. पाळकसाहेबांना रविवारचा उपदेश असतोच, म्हणून कमिटीची भक्ती सभासदांकडे जाते. जुन्या मिशनच्या शाळा आणि दवाखान्यांमुळे या समाजात शिक्षक आणि नर्स पुष्कळ, आणि कमिटीतही त्यांचाच भरणा. निवृत्त हेडमास्तर पाळीच्या दिवशी तीन पानी टाचण घेऊन येतात आणि मध्येच एखाद्याला प्रश्न विचारतात. उत्तर चुकले तर अध्याय पहिल्यापासून सुरू होतो. रात्रपाळीला जायचे असलेल्या सिस्टरची भक्ती चार मिनिटांत उरकते, आणि तीत आजारी माणसांची नावे बिनचूक असतात. शेवटची एसटी गाठणाऱ्याची प्रार्थना सर्वांत आटोपशीर असून तीत परमेश्वराकडे एकच मागणे मागितलेले असते.

गीत ‘उपासना संगीता’तून निवडतात. या पुस्तकात रेव्हरंड नारायण वामन टिळकांची पदे असल्यामुळे चालीची अडचण येत नाही. अडचण पट्टीची येते. पेटी चर्चमध्ये आणि सभा मागच्या खोलीत, त्यामुळे सुरुवात करणारा आपल्या हिमतीवर सूर लावतो. दुसऱ्या ओळीला पुरुष गळतात, तिसरीला खजिनदार खोकतात, आणि शेवटचे कडवे एकट्या सेक्रेटरीबाई तडीस नेतात.

शास्त्रपाठाची निवड हा अभ्यासाचा मुख्य भाग होय. शास्त्रपाठ मनाच्या गरजेनुसार निवडावा, असा संकेत आहे. व्यवहारात तो विषयपत्रिका हातात पडल्यावर निवडला जातो. खजिनदाराच्या पाळीला मलाखीचा तिसरा अध्याय निघतो, कारण त्यात दशमांश न देणाऱ्यांना खडसावले आहे. आवारभिंतीचा विषय असला की नहेम्या येतो. त्याच्या तिसऱ्या अध्यायात यरुशलेमेच्या तटाचा कोणता भाग कोणी दुरुस्त केला, याची लांबलचक यादी आहे, आणि पाचव्या वचनात एका गावच्या बड्या लोकांनी कामाला खांदा दिला नाही, अशी नोंद आहे. वाचक तिथे चष्मा काढतो, पुसतो आणि वचन पुन्हा वाचतो. नहेम्याचा तट बावन्न दिवसांत पुरा झाला. आवारभिंतीचा विषय बावन्न सभांतही पुरा होईल याची शाश्वती नसते.

भांडण अटळ दिसत असेल तर स्तोत्र १३३ काढतात. भावांनी एकोप्याने राहणे किती गोड, असा त्याचा आशय. वचने तीनच असल्याने ते लवकर संपते आणि भांडणाला वेळ उरतो. जाणत्या वाचकाला प्रेषितांची कृत्ये अधिक उपयोगी वाटतात. सहाव्या अध्यायात विधवांना रोजच्या वाटपात डावलल्याची तक्रार येते आणि तिच्या निवारणासाठी सात जण निवडले जातात. उपसमितीची प्रथा किती जुनी, हे त्यावरून कळते. पंधराव्या अध्यायात यरुशलेमेची मोठी सभा शांतपणे निर्णय देते, आणि त्याच अध्यायाच्या अखेरीस पौल आणि बर्णबा मार्काला बरोबर न्यावे की नाही यावरून कडाक्याचे भांडून वेगळे होतात. प्रेषितांची ही गत, हे ऐकून कमिटीला बराच धीर येतो.

प्रार्थनेचे स्थूलमानाने तीन प्रकार आढळतात. पहिला अहवालवजा. यात मागच्या महिन्यात मंडळीत काय काय घडले ते परमेश्वराला तपशिलासह कळवले जाते. तो त्या वेळी गावाला गेला होता, असे गृहीत धरलेले असते. दुसरा ठरावात्मक: ‘हे प्रभू, नव्या ध्वनिक्षेपकासाठी तू तीन ठिकाणची दरपत्रके मागवण्याची बुद्धी दे.’ या ठरावाला सूचक असतो, विरोधक नसतो, आणि अनुमोदन ‘आमेन’च्या रूपाने मिळते. आमेन टेबलाच्या कोणत्या बाजूने किती मोठ्याने आले, त्यावरून मुरलेला सेक्रेटरी डोळे मिटूनच मतमोजणी करतो. तिसरा प्रकार शालजोडीतला. ‘आमच्यातील काही जणांना वेळेवर येण्याची प्रेरणा दे’, असे मागणे मागितले जाते आणि ते ‘काही जण’ नेमके त्याच क्षणी चपला काढून आत येत असतात. या प्रकाराचे मूळ लूकच्या अठराव्या अध्यायातल्या परूश्यात सापडते. तो मंदिरात उभा राहून देवाचे आभार मानतो, पण मागे उभ्या असलेल्या जकातदाराचाही उल्लेख करायला विसरत नाही. दाखल्यात परूश्याची प्रार्थना लांब आहे आणि जकातदाराची एका वाक्याची. न्यायी ठरून घरी कोण गेला, हे प्रत्येक सभासदाला संडे स्कूलपासून पाठ असते. पाळीच्या दिवशी तेवढे आठवत नाही.

सभा तापल्यावर मध्येच केली जाणारी प्रार्थना वेगळी. आवाज चढले, जुन्या निवडणुकीचा विषय निघाला, एकाने फाइल टेबलावर आपटली, की पाळकसाहेब ‘आपण थोडी प्रार्थना करू या’ म्हणून उभे राहतात. तोंड उघडलेला सभासद ते मिटतो, कारण डोळे मिटून भांडता येत नाही. आरंभी जी सवलत एकाच्या हाती असते, ती इथे सगळ्यांच्या उपयोगी पडते: मिनिटभर कुणालाच उत्तर देता येत नाही आणि तेवढ्यात पुष्कळांना आपले उत्तर तितकेसे जरुरीचे वाटेनासे होते. इतिवृत्तात या प्रसंगाची नोंद ‘विषयावर प्रार्थनापूर्वक चर्चा झाली व तो पुढील सभेत घेण्याचे ठरले’ अशी होते. फाइल आपटल्याचा उल्लेख नसतो.

भक्ती चालवणाऱ्याने काही पथ्ये पाळावीत. शास्त्रपाठ विषयपत्रिका येण्यापूर्वी निवडावा. उपदेशकाच्या पाचव्या अध्यायात देवापुढे थोडके बोलण्याचा सल्ला आहे. तो वाचून दाखवण्यापेक्षा पाळावा. आजारी माणसाचे नाव घ्यावे, आजाराचे नाव घेऊ नये. आपण ज्याच्या सूचनेला विरोध करणार, त्याच्यासाठी फक्त आरोग्य मागावे, सुबुद्धी मागू नये. ती मागायचीच झाली तर स्वतःसाठी मागावी. थर्मास उघडल्याचा आवाज हा मंडळीचा कौल समजावा.

सभेचा शेवट प्रभूची प्रार्थना आणि आशीर्वाद यांनी होतो. ही प्रार्थना सर्वांनी मिळून म्हणायची असल्याने तीत स्वतःचे कलम घालायला जागा नाही. आहे ते सगळे ‘आम्हां’साठी. शिवाय तीत क्षमेचे मागणे आपण इतरांना केलेल्या क्षमेला जोडलेले आहे. सातव्या विषयावर ज्या दोघांत जुंपली, त्यांचे आवाज त्या ओळीला जरा उतरतात. कधीकधी त्यामुळेच आठवडाभरात एकाचा दुसऱ्याला फोन जातो. आशीर्वादानंतर गेटपाशी दुचाक्यांजवळ दुसरी सभा भरते. तिला कोरम लागत नाही, तिचे इतिवृत्त राहत नाही आणि पुष्कळसे निर्णय तिथेच होतात. त्या सभेच्या भक्तीची पाळी अद्याप कुणाकडे दिलेली नाही.