चौथा रकाना

आमच्या सोसायटीत कुणाला सातबारा, जन्मदाखला, लसीचं प्रमाणपत्र किंवा पोराची दहावीची गुणपत्रिका तातडीनं हवी असेल, तर तो स्वतःचं कपाट उपसत नाही. सरळ अण्णांकडे जातो. अण्णा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आणि घरातला कागद न् कागद स्कॅन करून मोकळे झाले. घरातले संपल्यावर शेजाऱ्यांचे घेतले. प्रत्येक फाइलच्या नावात आधी वर्ष, मग विषय, मग माणूस आणि शेवटी ‘मूळ’ किंवा ‘छायाप्रत’. ‘मुळाची छायाप्रत सुधारित’ या नावाची एक फाइल मी स्वतः पाहिली आहे.

हे सगळं क्लाउडवर ठेवलेलं. आणि तिथंच घोळ आहे. कारण अण्णांचा स्वभाव असा, की ठेवलेली वस्तू ठेवल्या जागी असायला हवी. अपडेट करणाऱ्या कंपन्यांचा स्वभाव याच्या बरोबर उलटा.

त्यासाठी अण्णांनी एक आवक-जावक वही घातली आहे. लाल कापडी बांधणीची, खात्यात असायची तशीच. रकाने चार: अनुक्रमांक, दिनांक, काय बदलले, कोणाला विचारून. चौथा रकाना आजवर कोराच आहे.

वहीच्या सुरुवातीची पानं इतिहासाची. ती त्यांना तोंडपाठ आहेत आणि जिन्यात गाठ पडली तर आपल्यालाही व्हायला वेळ लागत नाही. ‘2014 ला स्कायड्राइव्हचं वनड्राइव्ह झालं. ते सोडा, नावावरून इंग्लंडात कोर्टकचेरी झाली होती, त्यांचा नाइलाज होता.’ अण्णा न्यायी आहेत. कोर्टाचा हुकूम म्हटलं की माफ करतात. ‘पण विंडोज 8.1 मध्ये एक सोय होती. फाइल वर, संगणकावर नुसतं तिचं नाव. 2015 ला विंडोज 10 आणलं आणि ती काढून घेतली. 2017 च्या ऑक्टोबरात तीच पुन्हा दिली, फाइल्स ऑन-डिमांड म्हणून! द्यायची होती तर काढली का? आणि काढायची होती तर दिली का?’ हातात दुधाची पिशवी घेऊन उभ्या असलेल्या माणसाकडे याचं उत्तर नसतं.

जुलै 2019 मध्ये गूगल फोटोज आणि गूगल ड्राइव्ह विभक्त झाले. एकात ठेवलेला फोटो दुसऱ्यात आपोआप दिसायचा, ते थांबलं. अण्णा याला ‘वाटणी’ म्हणतात. ‘दोघं भाऊ वेगळे झाले, हरकत नाही. पण भांडी आमची होती ना?’ 1 ऑक्टोबर 2021 ला ‘बॅकअप अँड सिंक’ बंद पडलं, ही तारीख ते अशा आवाजात सांगतात की ऐकणाऱ्याला हात जोडावेसे वाटतात. आणि 2023 च्या नोव्हेंबरात ड्राइव्हच्या काही वापरकर्त्यांच्या महिनोन्महिन्यांच्या फाइली दिसेनाशा झाल्याची बातमी आली, तेव्हा स्वतःची एकही फाइल गेलेली नसताना अण्णांनी रात्रीचं जेवण सोडलं. काकूंनी विचारलं, ‘अहो, कोण गेलं?’

खरी ठिणगी पडली ती कोकणात. गावच्या जमिनीची मोजणी होती. चुलतभावाचा फोन आला तेव्हा अण्णा ऐटीत म्हणाले, ‘कागद शोधू नकोस, मी सगळं घेऊन येतो.’ म्हणजे लॅपटॉप. दरम्यान एका कंपनीच्या एका अपडेटनं, संगणकावरची जागा वाचवण्याच्या सद्हेतूनं, फाइली वर नेऊन खाली नुसती नावं ठेवली होती. बांधावर मोजणीदार उभा, चार भाऊबंद उभे, शेजारच्या आगरातला हितशत्रू उभा. अण्णांनी फोल्डर उघडला. सगळी नावं जागच्या जागी, ओळीनं, आणि प्रत्येकापुढे एकेक निळा ढग. क्लिक केलं की चक्र फिरायचं आणि फिरतच राहायचं. रेंज फक्त देवळाच्या पारावर यायची, तीही वारा असेल तेव्हा. अण्णा पारावर जाऊन बसले. अर्ध्या तासानं नकाशाचा वरचा एक तुकडा दिसला. तोवर चुलतभावानं माळ्यावरची ट्रंक काढून मूळ कागद आणला होता. एक कोपरा वाळवीनं खाल्लेला, बाकी शाबूत. हितशत्रू काही बोलला नाही, नुसता हसला. ते हसणं अण्णांना अजून लागतं.

‘फाइलीचं नाव म्हणजे फाइल नव्हे,’ परतल्यावर ते मला म्हणाले, ‘हे आम्हाला खात्यात पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं.’

तेव्हापासून सकाळी आंघोळ झाली की पेपरच्या आधी अण्णा लॅपटॉप उघडतात. प्रत्येक फोल्डरवर राइट क्लिक, ‘कायम या उपकरणावर ठेवा’, आणि भरीव हिरवी खूण उमटेपर्यंत समोर बसून राहायचं. उमटली की स्वयंपाकघराच्या दिशेनं घोषणा: ‘हिरवं आलं!’ पहिल्या दिवशी काकूंनी आतून किसणी पुढे केली होती म्हणतात. काकूंचं मत साधं आहे. ‘सापडतंय ना? मग झालं तर.’ यावर अण्णा दुखावून म्हणतात, ‘सापडणं वेगळं आणि जागेवर असणं वेगळं.’ मला वाटतं, त्यांचं सगळं दुःख या एका वाक्यात आहे. फाइल गेली म्हणून ते इतके चिडत नाहीत. आपण झोपलेले असताना कुणीतरी घरात येऊन आवरून गेलं, याची ती चीड आहे.

शिवाय आता घरात दोन पेनड्राइव्ह आणि एक हार्ड डिस्क आहे, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून, देवघराच्या खालच्या खणात. एक प्रत घराबाहेर हवी, असं जाणकार सांगतात. ती बडोद्याला लेकीकडे गेली आहे, लोणच्याच्या बरणीसोबत.

अपडेटची सूचना आली की अण्णा ती मोठ्यानं वाचतात. ‘आपला अनुभव अधिक चांगला करण्यासाठी... कोणाचा?’ खाली बटणं दोनच: ‘आता’ आणि ‘नंतर आठवण करा’. ‘नको’ असं बटण नाही, ही त्यांची मुख्य तक्रार. पण ‘नंतर’ या विषयात पस्तीस वर्षं सरकारी नोकरी केलेल्या माणसाला कंपनी कुठवर हरवणार? कंपनीला ते अभिप्रायही पाठवतात, ‘महोदय, उपरोक्त विषयी सविनय सादर की’ अशा भाषेत. अभिप्रायासोबत एक चेहरा निवडावा लागतो. अण्णा मधला, ना हसरा ना रडका असा निवडतात. रागावलेला निवडला आणि त्यांनी डूख धरला तर? फाइली त्यांच्याच ताब्यात आहेत.

हा माणूस चेष्टेचा विषय आहे खरा. पण गेल्या वर्षी खजिनदारांचा मोबाइल भरला, त्यांनी मोबाइलमधून ‘नुसतेच’ गणपतीचे फोटो उडवले आणि ते सोसायटीतल्या प्रत्येकाच्या फोनमधून उडाले, तेव्हा सगळे धावले अण्णांकडेच. इथं पुसलं की सगळीकडे पुसलं जातं, हे त्या दिवशी बऱ्याच जणांना प्रथमच कळलं. कचरापेटीत तीस दिवस राहतं, हे फक्त अण्णांना माहीत होतं. एकोणतिसावा दिवस होता. फोटो परत आले. अण्णांनी वहीत नोंद केली आणि खजिनदारांची सही घेतली.

परवा रात्री दहाला बेल वाजली. दारात अण्णा, हातात वही. ‘नंतर’ दाबण्याची मुदत संपली होती. आता ‘आता’ एवढंच बटण उरलं होतं. ‘साक्षीदार म्हणून चला.’ म्हणजे रीतसर पंचनामा. आधी फाइली मोजल्या: चार हजार दोनशे सोळा. मी सही केली. अण्णांनी डोळे मिटून बटण दाबलं. संगणक बंद झाला, सुरू झाला, काकूंनी मधल्या वेळात कॉफी दिली. पुन्हा मोजलं. चार हजार दोनशे सतरा.

‘चला, काही गेलं नाही,’ मी उठत म्हणालो.

अण्णांचा चेहरा पांढरा पडला होता. ‘कमी भरली तर निदान खुलासा देता येतो हो,’ ते वहीचं पान उलटत म्हणाले. ‘ही जास्तीची कोणाची? बसा, पहिलीपासून वाचायला घेऊ.’